‘माझा’ म्हण!

रविवार

मुक्काम एका शाळेत. गोथिया कप या मुलामुलींच्या फुटबॉल स्पर्धेला येणारे बहुतेक संघ स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या शाळांमध्येच उतरतात. वर्गातली बाकं भिंतीला लावायची, जमिनीवर गाद्या टाकायच्या, झालं. आमच्या वर्गात सोळा मुली आणि आम्ही दोघी प्रशिक्षक. रात्रीचे दहा वाजत आलेत तरी बाहेर लख्ख दिसतंय. मुलींना झोप कशी लागणार? उद्या सकाळीच सामना आहे.

सोमवार

पहिला सामना २-० असा हरलो. त्याबद्दल नंतर लिहीन, कारण आज डोक्यात फक्त उल्लेवी आहे.

संध्याकाळी तिथं उद्घाटन होतं. उल्लेवी हे १९५८ च्या विश्वचषकासाठी बांधलेलं स्टेडियम. गोथिया कप १९७५ पासून भरतोय आणि हल्ली जगभरातून दीड हजारांहून जास्त संघ येतात. हे आकडे मी इथं येण्याआधी वाचले होते. पण खच्चून भरलेल्या त्या रांगांमध्ये बहुतेक सगळी मुलंमुलीच आहेत हे दिसलं, तेव्हा मला बोलता येईना.

मुलींना एक गोष्ट सांगायची मी कधीपासून ठरवलं होतं. महिलांच्या पहिल्या अधिकृत युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना १९८४ च्या मे महिन्यात दोन टप्प्यांत झाला, आणि त्यातला पहिला टप्पा याच मैदानावर. स्वीडनने इंग्लंडला १-० हरवलं, गोल पिया सुंडहागेचा. दुसरा टप्पा ल्यूटनला झाला आणि तिथं इंग्लंड १-० ने जिंकलं. मग पेनल्टी. शेवटची निर्णायक पेनल्टीसुद्धा पियानेच मारली. पुढे प्रशिक्षक म्हणून तिने अमेरिकेच्या संघाला २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवून दिली. आणि १९८४ चे ते सामने नव्वद नव्हे, ७० मिनिटांचे होते, बॉलही चार नंबरचा, लहान मुलांचा.

“चार नंबरचा का पण?” आमच्या गोलकीपरने विचारलं. आमच्या पंधरा वर्षांखालच्या मुली पाच नंबरच्या, म्हणजे मोठ्यांच्या बॉलने खेळतात.

“बायकांना झेपणार नाही असं वाटलं असेल कुणाला.”

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ही मुलगी फार कमी बोलते, आणि जे बोलते ते इतकं हळू की जवळ जाऊन ऐकावं लागतं.

मंगळवार

०-६.

समोर नॉर्वेचा संघ होता. उंचीत फार फरक नव्हता, वेगातही नाही. तिसरा गोल कसा झाला तेवढा लिहून ठेवते, कारण बाकीचे पाच त्याच्याच पोटात आहेत. त्यांनी मधूनच एक लांब बॉल मारला. तो आमची चार नंबर (म्हणजे चार नंबरची जर्सी घालणारी मुलगी) आणि गोलकीपर यांच्या बरोबर मध्ये पडला. दोघींनाही सहज घेता आला असता. चार नंबरने मागे पाहिलं. गोलकीपर दोन पावलं पुढे आली आणि थांबली. बॉल एक टप्पा पडला, दुसरा पडला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. त्यांची आघाडीची मुलगी मधून आली, पायाच्या आतल्या बाजूने हलकंच ढकललं आणि गेली. तिला धावावंही लागलं नाही.

नॉर्वेच्या मुली सामनाभर बोलत होत्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं. एखादीकडे पास निघायच्या आधीच दुसरी तिला सांगायची, मागे कुणी आहे की वळायला वेळ आहे. ज्या मुलीच्या पायाकडे बॉल येतोय ती बॉलकडे बघणार की पाठीमागे? तिच्या पाठीचे डोळे म्हणजे बाकीच्या दहा जणींचा आवाज. आणि पूर्ण मैदान समोर दिसणारी संघात एकच असते, गोलकीपर. आमच्याकडे नेमकी तीच गप्प.

मी चिडले नाही. खरं तर मला रडू येत होतं, पण ते स्कोअरमुळे नव्हतं. मुलींनी हळू बोलावं, मोठ्याने हाका मारू नयेत, हे प्रत्येकीला कुणी ना कुणी शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं. पास, ट्रॅप, हेडर सगळं मी या मुलींकडून घोटून घेतलं. ओरडायचा सराव मात्र एक दिवसही घेतला नाही. ही चूक माझी आहे.

जेवणानंतर शाळेच्या पटांगणात गेलो, उजेड होताच. पाण्याच्या बारा बाटल्या वेड्यावाकड्या मांडल्या. चार नंबरच्या डोळ्यांवर बिब (सरावात जर्सीवर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) बांधला, पायात बॉल दिला आणि गोलकीपरला वीस पावलं लांब उभं केलं. “तू सांगशील तशी ही येणार. हात लावायचा नाही, पुढे यायचं नाही.”

पहिल्यांदा ती इतकं हळू बोलली की चार नंबर सरळ बाटल्यांवर गेली. दुसऱ्यांदाही तेच. एकीने विचारलं, “ताई, पण ओरडलं तर कार्ड मिळतं ना?” शंका बरोबर होती. समोरच्या खेळाडूचं लक्ष विचलित करायला ओरडलं तर पिवळं कार्ड मिळू शकतं. आपल्याच खेळाडूला सांगायला कुठलाही नियम आड येत नाही. हे ऐकून गोलकीपरने खाली बघत मान हलवली, जणू तिचाच प्रश्न दुसरीने विचारला होता.

पाचव्या का सहाव्या खेपेला चार नंबर भिंतीच्या दिशेने निघाली आणि गोलकीपर ओरडली, “थांब! डावीकडे वळ!” आवाज भिंतीवर आपटून परत आला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुठल्यातरी संघाच्या दोन मुली डोकावल्या. ती लाजली. पण तिसऱ्या सूचनेलाही आवाज तेवढाच ठेवला.

मग सगळ्यांनी मिळून शब्द ठरवले. ‘मागे’ म्हणजे पाठीवर खेळाडू आहे. ‘वेळ’ म्हणजे वळ, निवांत घे. ‘सोड’ म्हणजे बॉलला पाय लावू नकोस. आणि ‘माझा’ म्हणजे बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं.

बुधवार

१-१. गटात तिसऱ्या आलो, म्हणजे बी प्लेऑफ, दुसरी बाद फेरी. इथं गटातले पहिले दोन संघ ए प्लेऑफला जातात आणि उरलेले बी प्लेऑफला. गटात शेवटी आलं तरी लगेच घरी जावं लागत नाही. पोरींना थोडं वाईट वाटलं, मला मात्र हा नियम मनापासून आवडतो. मंगळवारी सहा गोल खाल्लेल्या मुलींना गुरुवारी पुन्हा बाद फेरीचा सामना मिळतो. याहून चांगलं पंधराव्या वर्षी काय मिळू शकतं?

बूट झटकताना कृत्रिम गवतातले रबराचे काळे दाणे वर्गभर सांडले. झाडून काढले, तरी गाद्यांवर निघतायत.

गुरुवार

सकाळी ३-१ ने जिंकलो! परदेशातला आमचा पहिला विजय.

दुपारी २-१ ने हरलो आणि स्पर्धा संपली.

दुपारचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. पहिल्या मिनिटापासून आमचा संघ बोलत होता. “वेळ, वेळ!” “मागे!” “सात नंबर मोकळी आहे!” कॉर्नरला गोलकीपर “माझा!” म्हणत चार-पाच जणींच्या डोक्यावरून झेपावली आणि बॉल छातीशी घेऊन खाली पडली. चार नंबर वाटेतून बाजूला झाली होती. मंगळवारी हीच चार नंबर मागे वळून बघत थांबली होती. आमचा गोलही एका हाकेवर झाला. कुणीतरी “सोड!” म्हणालं, नऊ नंबरने बॉल पायांमधून जाऊ दिला आणि मागून अकरा नंबरने मारला.

दुसरा गोल आमच्यावर शेवटच्या काही मिनिटांत झाला. मी बाजूच्या रेषेवर होते, मला नीट दिसला नाही. चार नंबर आणि गोलकीपर दोघी बॉलजवळ होत्या, एवढंच दिसलं.

आता रात्र आहे. गोलकीपरचा घसा पूर्ण बसलाय. तिला गुळण्या करायला लावल्या, तरी नुसती हवा येतेय. मी हे लिहीत असताना ती शेजारी येऊन बसली, काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, मला कळेना. शेवटी तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि इथंच लिहिलं:

ताई दुसरा गोल माझ्यामुळे झाला. मी सोड म्हणाले. चार नंबरला वाटलं बॉल बाहेर जातोय म्हणून मी सोड म्हणतेय. मी घेणार होते तर माझा म्हणायला पाहिजे होतं. सोड म्हटल्यावर कोण घेणार ते कळत नाही.

खाली तिने दोन फुल्या आणि एक बाण काढलाय. फुल्या त्या दोघी, बाण म्हणजे बॉल. तो घेऊन ती आता चार नंबरच्या गादीवर गेली आहे. एकीला आवाज नाही, त्यामुळे दोघी हातांनीच भांडतायत.