ट्रिब्यूनचे उघडे दार

प्राचीन रोममध्ये मान मोठा कॉन्सलचा, म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा; पण मला अधिक मोलाचे वाटते ते ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या रक्षकाचे, पद. परंपरेनुसार इ. स. पू. ४९४ मध्ये, कर्जाने पिचलेले सामान्य नागरिक, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून गेल्यावर ते निर्माण झाले. ट्रिब्यूनच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे, त्याने रात्र शहराबाहेर काढू नये आणि त्याच्या अंगाला कोणी हात लावू नये, असा दंडक होता. त्याच्या हाताखाली सैन्य नव्हते; तरीही नुसत्या नकाराधिकाराच्या बळावर तो कॉन्सलचा हुकूम किंवा सिनेटचा, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या मंडळाचा, ठराव थांबवू शकत असे.

इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून तायबेरियस ग्रॅकसने सार्वजनिक जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा मांडला, तेव्हा सहकारी ट्रिब्यून ऑक्टेव्हियसने हाच अधिकार वापरून तो अडवला. तायबेरियसने प्लेबियनांच्या सभेत मतदान घेऊन त्याला पदावरून दूर केले. हेतू न्याय्य होता, यात मला शंका नाही. परंतु पदाचे कवच त्याने स्वतःच भेदले, असे माझे मत आहे. त्याच वर्षी, पुन्हा निवडून येण्याच्या खटपटीत असलेल्या तायबेरियसला सिनेटरांच्या जमावाने मोडक्या बाकांच्या तुकड्यांनी ठार मारले. इ. स. पू. १२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस त्याच पदावर आला.