ड्रिल मशीनशेजारचा झेनिट

नागपुरात वारांच्या नावाच्या वस्त्या पुष्कळ आहेत. इतवारी, बुधवारी, मंगळवारी. कॉटन मार्केटजवळचा शनिवार बाजार मात्र अजून वाराला इमानदार आहे. आता तिकडे मेट्रोनंही जाता येतं, पण मी सीताबर्डीपर्यंत गाडीनं येतो आणि लोहापुलाखालून चालत पलीकडे जातो. वाटेत एका गाडीवर तर्री पोहे खायचे असतात, हे खरं कारण.

सकाळी साडेसातला ताडपत्र्या पसरल्या जात होत्या. पाने, पक्कड, ड्रिल मशीन, एकाच पायाचे बूट, मिक्सरची भांडी, रिमोटांचा ढीग. कॅमेरा शोधायला म्हणून गेलात तर कॅमेरा मिळत नाही. अवजारं बघत जायचं, की मध्येच कुठेतरी चामड्याचं काळं केस दिसतं.

पहिलं दिसलं ते आग्फा क्लिक थ्रीचं. बडोद्याला बनणारा हा कॅमेरा एके काळी कितीतरी घरांतला पहिला कॅमेरा होता. १२० ची फिल्म, रोलवर १२ चौकोनी फोटो, आणि संपूर्ण कुटुंब गच्चीवर उन्हात डोळे बारीक करून उभं. शंभर रुपये म्हणाला. आमच्या घरी एक आहेच, म्हणून ठेवून दिला. परत येताना घेऊ असं म्हणालो, तोवर गेला होता. बाजाराचा नियम मला पंधरा वर्षांपासून पाठ आहे, तरी दर वेळी मोडतो.

पुढच्या ताडपत्रीवर यशिका इलेक्ट्रो ३५ होता. ४५ मिलिमीटर, एफ १.७ चं भिंग, चकचकीत क्रोम, आणि १९६६ साली निघालेल्या मॉडेलच्या मानानं तब्येत ठणठणीत. याची एक खूण असते. फिल्म पुढे नेण्याचा खटका ओढला की आतून हलकासा ‘ठक’ असा आवाज यायला हवा. आतला रबराचा इवलासा तुकडा वयानं झिजून गेला की तो आवाज बंद होतो, आणि मग शटरच्या वेळेचा भरवसा उरत नाही. मी कॅमेरा कानाला लावला. नेमकी तेव्हाच पुलावरून मालगाडी निघाली, शेजारी कोणी स्पीकर तपासत होता. मला ‘ठक’ ऐकू आलं. आलंच, असं मी ठरवलं. पंधराशेचा बाराशेला घेतला. घरी येऊन पंखा बंद करून पुन्हा कानाला लावला. चिडीचूप. बरं, याची ५.६ व्होल्टची जुनी पाऱ्याची बॅटरीही आता मिळत नाही, जुळवाजुळव करावी लागते. तो सध्या पुस्तकांच्या कपाटात छान दिसतो.

झेनिट ई हा जुना रशियन कॅमेरा मिळाला तो त्याच फडीवर, ड्रिल मशीनच्या वायरीत गुंडाळलेला. वजन विटेसारखं. शटरचा पडदा अर्ध्यावर अडकलेला, मागचं झाकण वाकडं. पण समोर हेलिओस ४४-२ हे भिंग होतं, ५८ मिलिमीटर, एफ २. सिरियल नंबरची सुरुवात ७८ नं होती. या रशियन भिंगांवर पहिले दोन आकडे सहसा वर्ष सांगतात. मोबाइलचा टॉर्च मागून मारला. बुरशीचं जाळं नाही. मुंबई-कोकणातून आलेल्या भिंगांत हे जाळं हमखास दिसतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते त्या मानानं कमी. आपला त्रास वेगळा. मे महिन्यातल्या ४५ अंशात माळ्यावर ठेवलेल्या भिंगातलं ग्रीस पातळ होऊन, उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या पात्यांवर उतरतं. ऑटोमॅटिक भिंगात त्यानं पाती चिकटतात आणि फोटो बिघडतो. हेलिओसची पाती मात्र आपणच कडं फिरवून मिटायची, त्यामुळे तेल लागलं तरी काम अडत नाही.

४२ मिलिमीटरच्या आट्यांचं भिंग, डावीकडे फिरवलं की निघतं. मी फिरवायला लागलो तसा विकणारा खेकसला, “काय करून राह्यले भाऊ? तोडता काय?” भिंग हातात आलेलं बघून गप्प झाला. त्याला ते निघतं हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबानं यशिकाला फ्लॅश लावता येतो, तो ‘ऑटोमॅटिक’ आहे, म्हणून पंधराशे. झेनिट लोखंड म्हणून सहाशे. मी पडद्याकडे बोट दाखवलं, झाकण दाखवलं, पुन्हा खाली ठेवला. साडेचारशेला सौदा झाला.

दोनशे-तीनशे रुपयांचं अडॅप्टर लावून ते भिंग मी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलं. (निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवाल्यांनी, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेरेवाल्यांनी, घाई करू नये. तिथे भिंग सेन्सरपासून जरा लांब पडतं आणि दूरचं काही नीट दिसत नाही. कॅननवर ही अडचण नाही.) दुपारी घरामागच्या कडुनिंबासमोर आईला उभं केलं. मागची पानं तिच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरली. हेलिओसची ती खासियतच. आई म्हणाली, “हे काय, चक्कर आल्यासारखं दिसते. मोबाइलनं काढ.”

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. तोच भाऊ, पण या वेळी कॅमेरे अवजारांतून वेगळे काढून पुढच्या रांगेत मांडलेले. त्यातल्या एका प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्याचं भिंग त्यानं पेचकसनं उचकटून बाजूला कपड्यावर ठेवलं होतं.

“हे पण निघते,” तो म्हणाला. “पाचशे.”