तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चित्रांना हसता, मग जपता कशाला?

“काय ओ काका, एवढं खो खो हसता या चित्रांना, मग पुस्तकं काचेच्या कपाटात कशाला ठेवलीत?” घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. पुतण्याचे मित्र विचारतात, शेजारचे मास्तर विचारतात, पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानंसुद्धा शिडीवरून विचारलं होतं. कपाटात आहेत जुन्या इंग्रजी विज्ञान कादंबऱ्यांचे पेपरबॅक, बहुतेक १९५० ते १९८० च्या काळातले. काही इथल्या रद्दीतून आले, काही पुण्या-मुंबईच्या फुटपाथवरून. मुखपृष्ठं एकेक अशी की बघतच राहावं. पुरुष हेल्मेटपासून बुटापर्यंत अंतराळपोशाखात बंद, आणि त्याच्या शेजारी, त्याच ग्रहावर, बाई पोहायच्या कपड्यांत उभी. दोघांपैकी एकाला तरी हवा लागत नसणार! मागं डोळे वटारलेला हिरवा राक्षस, त्याच्याही मागं रॉकेट. आत कादंबरी असते एका भाषातज्ज्ञाची किंवा गणितज्ञाची.

मी हसतो ते मनापासून हसतो आणि जपतो तेही मनापासून. या दोन्हींत मला कधी विरोध वाटला नाही, कारण त्या चित्रांना नीट हसायचं तर आधी पुस्तक वाचलेलं असावं लागतं. आमच्या घरात तसा नियमच आहे: ज्यानं वाचलंय त्यानं हसायचं, बाकीच्यांनी पुस्तक घरी न्यायचं आणि वाचून परत आणायचं. राक्षस बघून कुणीही हसेल. पण हा राक्षस पुस्तकात कुठंच नाही, हे कळल्यावर जे हसू येतं त्याची मजा और आहे.

एक मुखपृष्ठ जरा निवांत दाखवतो. जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ अमेरिकेत १९५० साली सिग्नेट प्रकाशनानं पेपरबॅकात काढली. तिच्यावर कादंबरीची नायिका ज्युलिया आहे, खोल गळ्याच्या तंग कपड्यात, ओठ रंगवलेले. छातीवर बिल्ला, आणि त्यावर लिहिलंय ‘अँटी-सेक्स लीग’, म्हणजे कादंबरीतली शरीरसुखाला विरोध करणारी संघटना. शेजारी निषिद्ध प्रेम, भीती, विश्वासघात अशी जाहिरातीची ओळ. आता कादंबरी उघडा. तिथं हुकूमशाही करणाऱ्या पक्षाची सगळी माणसं एकाच तऱ्हेचे, कारखान्यातल्यासारखे ओव्हरऑल घालतात. ज्युलियाच्या कमरेला लीगचा लाल पट्टा गुंडाळलेला असतो, आणि तिचं सगळं बंड त्या पट्ट्याच्या आड चालतं. मिरवणुकीत पुढं, घोषणा द्यायला पुढं, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. चित्रकारानं लीग बरोबर उचलली, बिल्लाही रंगवला, आणि पांघरूण मात्र काढून टाकलं. या ज्युलियाला विचारपोलिसांनी, म्हणजे मनातलं बंडसुद्धा हुडकणाऱ्या पक्षाच्या पोलिसांनी, पहिल्याच चौकात धरली असती. पुतण्याच्या एका मैत्रिणीनं कादंबरी संपवल्यावर हे चित्र पुन्हा हातात घेतलं आणि ती इतकी हसली की स्वयंपाकघरातून बायको बघायला आली. त्या दोघी मग तासभर ज्युलियावरच बोलत होत्या. मला कपाटातून हवं असतं ते हेच.

असं का व्हायचं, हेही पोरं विचारतात. तेव्हाचे अमेरिकन पेपरबॅक पुस्तकांच्या दुकानात कमी आणि औषधांच्या दुकानात, स्टेशनावर, तारेच्या फिरत्या स्टँडवर जास्त विकले जायचे. गिऱ्हाईक दुसऱ्याच कामाला आलेलं असायचं, त्याची नजर पडली तर पडली. चित्रकाराला पूर्ण हस्तलिखित मिळेलच असं नव्हतं. पुष्कळदा दोन ओळींच्या टिपणावर काम भागायचं, एका पुस्तकाचं चित्र दुसऱ्यावरही चालून जायचं. आणि एक गोष्ट ऐकून तर मी थक्क झालो होतो. न खपलेलं पेपरबॅक दुकानदार अख्खं परत पाठवत नसे. तो फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडं धाडायचा, त्याचे पैसे मिळायचे आणि उरलेलं पुस्तक लगद्याला जायचं. मुखपृष्ठ नसलेली प्रत विकत घेऊ नका, अशी सूचना अमेरिकन पेपरबॅकांच्या आतल्या पानावर सापडते ती यामुळेच. ज्या धंद्यात हिशेबाला फक्त मुखपृष्ठ धरायचे, तिथं मुखपृष्ठानं पुस्तकाची पर्वा किती करायची?

मी आयुष्यभर चादरींचं डिझाइन केलं. ग्राफवर चौकोन भरायचे, त्यावरून जकार्ड मागाची कार्डं पंच व्हायची, आणि व्यापारी समोर बसून सांगायचा, “मोर घाला, मोर खपतो.” म्हणून त्या चित्रकारांचा मला राग येत नाही. त्यांचाही मोर ठरलेला होता. घाईत, सांगितलेलं रंगवणं यात कमीपणा नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, हे आपण अभिमानानं सांगतो.

अमेरिकेतल्या एस प्रकाशनाचे दुहेरी पेपरबॅक माझे सगळ्यात लाडके. १९५२ ला सुरू झाले, किंमत ३५ सेंट, संपादक डोनाल्ड वोलहाइम. एका बाजूनं एक कादंबरी, पुस्तक उलटं फिरवलं की दुसऱ्या बाजूनं दुसरी. मागची बाजू म्हणून नाहीच, दोन्हीकडं मुखपृष्ठ, दोन्हीकडं आरडाओरडा. फिलिप के. डिकची पहिली प्रसिद्ध कादंबरी १९५५ ला अशीच जोडीनं आली. आयझॅक आसिमोवच्या ‘फाउंडेशन’लाही याच वर्षी या मालिकेत काटछाट करून, नाव बदलून बसवलं: ‘हजार वर्षांची योजना’. पुढं सत्तरच्या दशकात इंग्लंडात पँथर प्रकाशनाच्या आसिमोव आवृत्त्यांवर चित्रकार क्रिस फॉसनं अजस्र, पट्ट्यापट्ट्यांची यानं रंगवली. ती यानं अप्रतिम आहेत, मी त्यातलं एक तासन् तास बघत बसू शकतो. पण ‘फाउंडेशन’ ज्यानं वाचलंय त्याला ठाऊक आहे की त्या पुस्तकात माणसं मुख्यतः खोलीत बसून बोलतात. संकट येतं, बैठक होते, कुणीतरी दुसऱ्याचा डाव ओळखतो आणि युद्ध टळतं. त्या बैठकीचं चित्र कोण विकत घेणार होतं? सगळेच काही असे नव्हते. आर्थर सी. क्लार्कच्या ‘चाइल्डहुड्स एंड’ला १९५३ साली बॅलन्टाइन प्रकाशनानं रिचर्ड पॉवर्सचं मुखपृष्ठ दिलं. पॉवर्स स्वप्नात दिसावेत तसे आकार काढायचा. त्याच्या चित्रांना आमच्याकडं कुणी हसत नाही.

आपल्याकडं बघा. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथा आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिल्यांदा दिवाळी अंकात वाचल्या. वर नऊवारीतली, हातात पणती घेतलेली बाई आणि आत कृष्णविवर. आपल्याला त्यात कधी वावगं वाटलं नाही, कारण ते चित्र कथेचं नव्हतंच, सणाचं होतं. त्याआधीच्या काळात तर मुखपृष्ठ दीनानाथ दलालांच्या हातचं असलं की अंक वाचून झाल्यावरही टाकवत नसे. अमेरिकन पेपरबॅक मात्र ‘हे या कादंबरीचं चित्र’ असा शब्द देतं आणि मोडतं. हसू येतं ते त्यामुळं.

काही मुखपृष्ठं मात्र मी हसायच्या बैठकीत काढत नाही. ऑक्टेव्हिया बटलरची ‘डॉन’ १९८७ ची. तिची नायिका लिलिथ काळी आहे, आणि सुरुवातीच्या पेपरबॅकवर चक्क गोरी बाई आहे. अर्सुला ले ग्विननं १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त नायक गेडला तांबूस-तपकिरी रंगाचा केला, आणि मुखपृष्ठांवर तो गोरा होत राहिला. याबद्दल ती प्रकाशकांशी वर्षानुवर्षं भांडली. इथं चूक राक्षसाची किंवा रॉकेटची नाही. लेखिकेनं ज्या माणसाला मधोमध उभं केलं त्यालाच पुसून टाकलंय, ते माणूस दिसलं तर पुस्तक खपणार नाही या भीतीनं. या चित्राची कीव करू नये, त्याचा राग यावा. मुलं ‘डॉन’ वाचून आली की मी ते चित्र दाखवतो, आणि अजून तरी त्यावर कुणी हसलेलं नाही.

मुखपृष्ठांची आणखी एक जात हल्ली फार दिसते. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा कॉपीराइट संपतो. एच. जी. वेल्स १९४६ ला गेला, म्हणजे त्याच्या कादंबऱ्या आता कुणीही छापून ऑनलाइन विकू शकतो. ‘टाइम मशीन’ची अशीच एक प्रत पुतण्यानं मागवली. मुखपृष्ठावर मनगटी घड्याळाचा फोटो, कुठूनतरी उतरवून घेतलेला. वेल्सनं १८९५ मध्ये ते यंत्र निकेलचं, हस्तिदंताचं, स्फटिकाचं केलंय, त्याला बसायला खोगीर दिलंय. रंगवणाऱ्यासाठी एवढं सगळं मांडून ठेवलेलं असताना घड्याळ! याला हसूही येत नाही. जुन्या राक्षसामागं एक माणूस होता. त्यानं शेपटीला सावली दिली होती, दातांवर चकाकी काढली होती. कादंबरी त्याच्या हाती आली नसेल, पण कुंचला तर त्यानंच धरला होता. म्हणून ती चित्रं काचेआड आहेत आणि घड्याळवाली प्रत खाली वापरात आहे, वाचायला न्यायची असेल तर तीच न्या.

तेव्हा कपाटाशी या, हात पुसून या, आणि एखादं चित्र आवडलं तर आधी पुस्तक मागा. तुमच्या माळ्यावर असले पेपरबॅक पडून असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला दाखवा. मुखपृष्ठ फाटून गेलं असेल तरी चालेल, ते कसं असेल याचा अंदाज आपण पुस्तक वाचून बांधू, मग खरं चित्र शोधून काढू आणि मिळून हसू.