२० लिटर सूप

गावातल्या वाचनालयाचं छप्पर गळत होतं. त्याच्या दुरुस्तीसाठी सूपची स्पर्धा ठरली. प्रत्येक स्पर्धकाने २० लिटर सूप घेऊन यायचं, लोकांनी कूपन घेऊन चाखायचं आणि जमलेले सगळे पैसे छपराला. माझं भोपळ्याचं सूप घरात सगळ्यांना आवडतं, म्हणून मी नाव दिलं. चौघांसाठी करते तेच १६-१७ पट करायचं, एवढाच माझा हिशोब होता.

आठवडाभर आधी १० लिटरची रंगीत तालीम केली आणि हा हिशोब किती कच्चा आहे ते कळलं. घरच्या कढईत पाच-सात मिनिटांत सोनेरी होणारा कांदा मोठ्या पातेल्यात नुसता पाणी सोडत राहिला. ढीगभर कांद्यातून वाफ निघायला जागाच नसते, मग तो परतला न जाता शिजतो. सूपही पातळ झालं. पातेलं मोठं झालं की आतल्या ऐवजाच्या मानाने वरचा पृष्ठभाग कमी पडतो आणि तेवढं पाणी आटत नाही. दुसऱ्या वेळी मी कांदा पाच घाण्यांत परतला आणि पाणी सुरुवातीलाच कमी घातलं. मीठ अंदाजाने घालायचं सोडून वजनावर आले: किलोमागे ८ ग्रॅम, म्हणजे २० किलोंना १६० ग्रॅम. त्यातलंही थोडं शेवटच्या चवीसाठी मागे ठेवलं.

त्या तालमीची खरी शिकवण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. रात्री पातेलं झाकून ओट्यावरच ठेवलं होतं. सकाळी वरचा थर गार होता, पण डाव तळापर्यंत घातला तर आतलं सूप अजून कोमट. १० लिटरचा गोळा आतून थंड व्हायला किती तास लागतात याचा मी विचारच केला नव्हता. काही जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात आणि अशा कोमट अन्नात रात्रभर वाढतात. काहींचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. सगळं ओतून दिलं. ओतताना जीव तुटला, पण अनोळखी माणसांना खायला घालायचं तर दुसरा मार्ग नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न सामान्य तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मी तो कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवला. स्पर्धेच्या दिवशी पहाटे चारला उठून सूप ताजंच केलं, थर्मामीटर सोबत घेतला आणि मंडपात दर अर्ध्या तासाने तापमान लिहून ठेवलं.

परीक्षणाची पद्धत मला फार आवडली. कपांवर नावं नव्हती, तीन आकडी क्रमांक होते. आयोजकांपैकी एका बाईंनी कारण सांगितलं. १, २, ३ किंवा अ, ब, क लिहिलं की पहिलं तेच चांगलं असं मनाला वाटून जातं; ४७२ किंवा ८१९ वाचून तसं काही वाटत नाही. शिवाय प्रत्येक परीक्षकाला कप वेगवेगळ्या क्रमाने दिले, कारण आधी काय चाखलं त्याचा परिणाम पुढच्या चवीवर होतो. मधे कोमट पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा. एवढ्याशा गावातल्या स्पर्धेत इतकी काळजी घेतलेली पाहून मला मनापासून बरं वाटलं.

मग लोक आले. ६० मिलिलिटरचा कप, म्हणजे २० लिटरमध्ये तीनशेहून जास्त कप. तासाभरात माझा हात दुखायला लागला. माझ्या पातेल्यापुढे मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: भोपळा, कांदा, लसूण, आलं, तेल, मीठ, मिरी. दूध, लोणी, मैदा, दाणे नाहीत.

ती पाटी वाचून एक बाई मुलीला घेऊन थांबल्या. मुलगी सहा-सात वर्षांची असेल, कप दोन्ही हातांत धरून उभी. "ताई, नक्की दूध नाही ना? हिला दुधाची ॲलर्जी आहे. थेंबही चालत नाही."

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात आठवलं की दहाच मिनिटांपूर्वी मदतीला आलेल्या मुलाने घाईत शेजारच्या टेबलावरचा डाव माझ्या पातेल्यात घातला होता, आणि शेजारचं सूप सायीचं होतं. बघायला काहीच फरक नव्हता. सूप तसंच केशरी, तसंच दाट. पण आता मी ते त्या मुलीला देऊ शकत नव्हते.

"सूपमध्ये दूध घातलेलं नाही, पण दुसऱ्या सूपचा डाव यात लागलाय. यातलं देऊ नका," मी सांगितलं. मुलीने कप हळूच खाली केला. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सवयीचा थकवा होता. तो मला जास्त लागला.

नशिबाने सकाळी पातेल्यात मावलं नाही म्हणून दोनेक लिटर सूप मी थर्मासच्या डब्यात भरून टेबलाखाली ठेवलं होतं, झाकण अजून उघडलंही नव्हतं. त्या बाईंना ते दाखवलं, हात धुतले, नवा कप घेतला आणि डबा तिरका करून थेट त्यातूनच सूप ओतलं. मुलीने फुंकर मारत एक घोट घेतला, आईकडे पाहिलं, मग सगळं संपवलं आणि कप पुन्हा पुढे केला. त्या दिवशी तिला चाखता आलेलं ते पहिलं सूप होतं, असं आईने सांगितलं.

पातेल्यावर मी लगेच दुधाबद्दल चिठ्ठी लावली आणि आयोजकांनाही कळवलं. त्यांनी लाउडस्पीकरवरून सगळ्या टेबलांना सांगितलं की कुणीही डाव इकडचा तिकडे करू नये. खरं तर हे सकाळीच सांगायला हवं होतं, आणि विचारायला मलाही सुचायला हवं होतं.

पहिला क्रमांक मसुराच्या सूपला मिळाला. मी ते चाखलं होतं, तो निकाल योग्यच होता. माझं पातेलं चार वाजता रिकामं झालं.

पुढच्या वर्षीसाठी नाव दिलंय. या वेळी यादीत सगळ्यात वर लिहिलंय: दोन लिटरचा वेगळा डबा, त्यावर मोठी चिठ्ठी, आणि त्याचा डाव कडीला सुतळीने बांधलेला.