दोन गिटार, एक बेस आणि मधली गर्दी

मागची नोंद लिहिली तेव्हा आमच्या चौघांच्या बँडकडे सहा गाणी होती आणि एक जुनी तक्रार होती: सरावाच्या खोलीत भरदार वाटणारे गाणे ध्वनिमुद्रणात ऐकले की सगळा चिखल झालेला असे. आज गाणी सातच आहेत, पण ती तक्रार बरीचशी मिटली आहे. त्यामुळे ही नोंद गाण्यांपेक्षा पेडल (पायाने चालू-बंद करायची, गिटारचा आवाज बदलणारी यंत्रे), ॲम्प आणि ज्यांच्याकडून आम्ही शिकलो त्या इतर बँडांविषयी अधिक आहे.

चिखलाचे कारण सापडायला आम्हाला लाज वाटावी इतका वेळ लागला. बेस गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनांवर) वाजते आणि गिटारची खालची तार ८२ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. कागदावर हे अंतर पुरेसे दिसते, पण गिटारच्या ॲम्पवर बेसचा (म्हणजे आवाजाच्या खालच्या भागाचा) नॉब तीन चतुर्थांश फिरवला आणि तशा दोन गिटारी एकदम वाजवल्या की १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा इतका भरून जातो की बेस गिटार आणि ड्रमरचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) या दोघांनाही तेथे पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही दोघा गिटारवाल्यांनी आपापला आवाज एकेकट्याने बसून जुळवला होता, आणि एकट्याने वाजवताना खालचा भाग फुगवून मधला भाग कापलेला आवाज हमखास गोड लागतो. तोच आवाज बँडमध्ये हरवतो, मग तो ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम वाढवावा लागतो, ते पाहून दुसराही वाढवतो आणि शेवटी ड्रमर हात दुखेपर्यंत बडवत राहतो.

याच्या मुळाशी आमच्या आवडीनिवडींचे भांडणही होते. दुसरा गिटारवादक ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा भक्त आहे. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोके अपघातात गेली, तारांचा ताण कमी व्हावा म्हणूनही त्यांनी तारा उतरवल्या आणि १९७१ पर्यंत त्या दीड स्वर खाली, सी शार्पपर्यंत नेल्या, ही कथा त्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती ड्रमरच्याही तोंडपाठ आहे. माझा ओढा टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडकडे आहे. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या गिटारी एकमेकींवर चढत नाहीत, त्या एकमेकींच्या मोकळ्या जागांत गुंफल्या जातात, आणि त्यांचे आवाज जवळपास स्वच्छ असल्यामुळे ती वीण कानाला दिसते. आमच्यातला वाद मिटवला तो बेस वाजवणाऱ्या मैत्रिणीने, मिनटमेनचा दाखला देऊन. कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रोच्या या त्रिकुटात डी. बून गिटारचा आवाज मुद्दाम पातळ आणि तीक्ष्ण ठेवत असत, म्हणजे माइक वॉट यांच्या बेसला खालची आणि मधली जागा मोकळी मिळे. तिचे म्हणणे एवढेच होते की तुम्हाला कोणासारखे वाजवायचे ते वाजवा, पण माझी जागा मला परत द्या.

त्या दिवसापासून माझ्या ॲम्पवरचा बेसचा नॉब तीनच्या वर गेलेला नाही. दुसऱ्या गिटारवादकाने तारा अर्धा स्वरच उतरवण्याची तडजोड केली आणि मी त्याच गाण्यांत गळ्यावर वरच्या बाजूला कॉर्डचे तुकडे शोधू लागलो. पहिले दोन आठवडे माझा आवाज मलाच किरकिरा आणि उपाशी वाटत होता, ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मात्र तोच नेमका जागेवर बसलेला होता.

पेडलबोर्डावरील सर्वांत मोठा बदल म्हणजे बिग मफ (आवाज खरखरीत फोडणारे फझ पेडल) मुख्य आवाजातून निवृत्त झाला. १९६९ मध्ये आलेले इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे हे पेडल मला आजही प्रिय आहे, पण त्याची टोन-रचना साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते आणि गिटार बँडमध्ये ऐकू येते ती नेमकी त्याच भागामुळे. त्याच्या जागी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल आले आहे, ज्याचा उठाव सुमारे ७२० हर्ट्झला असतो आणि जे खालचा भाग आपोआप छाटते. एकट्याने ऐकाल तर नाकात बोलल्यासारखे वाटते. गेन (आवाज किती फुटावा ते) जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) वर ठेवून आधीच किंचित फुटत असलेल्या ॲम्पला ढकलण्यासाठी ते वापरावे, असे माझे मत आहे; एकट्या पेडलकडून सगळे डिस्टॉर्शन काढायला गेलात तर निराशा होईल.

बफरचा (लांब केबलमध्ये सिग्नल मंदावू न देणाऱ्या छोट्या सर्किटचा) गोंधळही येथे नोंदवतो, कारण त्यात माझे दोन सराव फुकट गेले. माझी सगळी पेडल ट्रू बायपास आहेत, म्हणजे बंद असताना सिग्नल त्यांच्या सर्किटमधून न जाता सरळ पुढे जातो, त्यामुळे ती बंद असताना गिटारपासून ॲम्पपर्यंत बारा मीटरहून अधिक केबल पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या) गळ्यात पडते. केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड धरली तरी एवढ्याने पिकअपचा अनुनाद खाली सरकतो आणि ट्रेबल (आवाजाचा वरचा, चमकदार भाग) मंदावते. उपाय म्हणून मी बफर अगदी सुरुवातीला लावला, तर चमक परत आली, पण जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ पत्र्यासारखा खरखरू लागला. त्या फझचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) अतिशय कमी असतो, त्याला थेट पिकअपच जोडलेला हवा असतो, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होण्याची त्याची सारी जादू त्या नात्यातच असते. आता क्रम गिटार, फझ, बफर आणि मग बाकी सगळे असा आहे. (उन्हाळी सरावात हाच फझ तापमानामुळे रुसतो, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.)

आमच्याबरोबर सरावाची खोली वाटून घेणारे दोन बँड आहेत आणि या चार महिन्यांत आम्ही पेडलच्या माहितीपत्रकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकलो. एक त्रिकूट आहे, ज्याच्या गिटारवादकाकडे एकच पेडल आहे. ठेका धरताना गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणि सोलोला दहावर, एवढ्यावर त्याचा सगळा कार्यक्रम चालतो. त्याला पाहून मी माझ्या बोर्डावरून तीन पेडल काढली. दुसरा बँड अतिजड संगीत वाजवतो, सात तारांच्या गिटारी आणि भरपूर गेन असूनही त्यांचा प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो. त्यांचे रहस्य विचारले तेव्हा कळले की त्यांचा गेन आमच्यापेक्षा कमी आहे आणि उजव्या तळहाताने तारा दाबण्याची शिस्त आमच्यापेक्षा कितीतरी जास्त.

एकत्र कार्यक्रम केला की ड्रमसेट आणि कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) सामाईक असतात. स्नेअर, झांजा आणि किकचे पेडल ज्याचे त्याने आणायचे असा आमचा करार आहे. अशाच एका कार्यक्रमात घाईघाईने माझ्या व्हॉल्व्ह ॲम्पमधून कॅबिनेटला स्पीकर केबलऐवजी गिटारची केबल लावली गेली आणि चूक सर्वस्वी माझी होती. जड बँडच्या ड्रमरने ती ओळखली नसती तर कदाचित आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असता, कारण गिटारच्या केबलमधली बारीक तार एवढा प्रवाह वाहण्यासाठी नसते, आणि ती तुटली तर व्हॉल्व्ह ॲम्प भाराविना, म्हणजे स्पीकर न जोडल्यासारखा, चालू राहतो. तेव्हापासून माझ्या स्पीकर केबलच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी आहे. त्याच ड्रमरने १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ ओहम होतात, हेही मला ॲम्पच्या मागच्या बाजूचा ओहम निवडण्याचा स्विच फिरवून दाखवले.

ॲम्पच्या वॉटविषयी आमचा भ्रमही त्याच सुमारास गळून पडला. १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या ॲम्पपेक्षा फक्त ३ डेसिबलने मोठा असतो, दुप्पट मोठा वाटायचा असेल तर दहापट शक्ती लागते. दुसऱ्या गिटारवादकाने आपला १०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) बाजूला ठेवून माझ्यासारखाच २० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आणला, आणि आता त्याच्या ॲम्पचे व्हॉल्व्ह खरोखर काम करताना ऐकू येतात.

बेसची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती आधीपासूनच शहाणी होती. तिचा सिग्नल दोन वाटांनी जातो: एक स्वच्छ डीआय (ॲम्पला वगळून थेट मिक्सरकडे जाणारा) आणि एक डिस्टॉर्शनमधून गेलेला, ज्याचा खालचा भाग गाळलेला असतो. तळ स्वच्छ वाटेतून येतो, कड दुसऱ्या वाटेतून.

सातव्या गाण्याचा वेग मिनिटाला ११२ ठोके आहे आणि त्यात मी डिले (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारे पेडल) ठिपकेदार अष्टमांशावर, म्हणजे पाऊण ठोक्यावर, अर्थात ४०२ मिलिसेकंदांवर लावला आहे. ड्रमर जरा धावला की प्रतिध्वनी ठेक्याशी भांडू लागतो, म्हणून आता मी डिले टॅप टेम्पोने (पायाने ठेका देऊन) प्रत्येक कडव्यापूर्वी जुळवतो. मुद्रणासाठी एसएम५७ मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून दोन बोटे बाजूला, जाळीला जवळजवळ टेकवून ठेवला, तेव्हा किरकिर गेली आणि दात राहिले. त्या गाण्याच्या शेवटी दोन्ही गिटारी एकदम थांबतात आणि चार मात्रा फक्त बेस वाजतो. दुसऱ्या गिटारवादकाला तेथे अजूनही काहीतरी वाजवायचे आहे, आणि पुढच्या सरावात तो बिग मफ घेऊन येणार आहे.