जाळ्याचे शीड झाले तो दिवस

सार्वजनिक जागेतील मोठ्या मांडणशिल्पांसाठी खांब, दोरखंड आणि ताण यांचा हिशोब करणे हे माझे काम. मुंबईतील एका कोळीवाड्याच्या धक्क्यावर जुन्या मासेमारी जाळ्यांचे छत उभारायचे ठरले, तेव्हा आमच्या चित्रकर्तीच्या मनात जॅनेट एकलमन यांचे उदाहरण होते. 1997 साली महाबलीपुरमला आलेल्या या अमेरिकन कलावतीचे रंग वेळेवर पोहोचले नाहीत. किनाऱ्यावरचे जाळ्यांचे ढीग पाहून त्यांनी जाळ्यांतूनच शिल्प करायला घेतले आणि 2005 मध्ये पोर्तुगालमधील मातोसिन्योश या मासेमारीच्या गावी रस्त्यावर प्रचंड जाळे टांगले. आमचे छत त्यापुढे अगदीच लहान, चाळीस फूट बाय साठ फूट, समुद्राकडे चढत गेलेले.

मी गणित केले ते नुसत्या जाळ्याचे. जाळ्यात बहुतेक पोकळीच असते, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खांबांवर फारसा भार येत नाही. पुढे वस्तीतील बायकांनी त्यावर घरोघरचे कापड शिवायला घेतले. लुगड्यांचे काठ, शाळेच्या गणवेशाचे खिसे, होडीवरची विटलेली निशाणे असे सुमारे सहाशे तुकडे जमले. चित्रकर्ती हरखून गेली, मीही गेलो, आणि गणित पुन्हा करायचे राहून गेले. ही चूक सर्वस्वी माझी.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सकाळी छत चढवले तेव्हा पान हलत नव्हते. दुपारी दोननंतर समुद्रावरचा वारा सुटला आणि जाळ्याला मधोमध पोट आले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितले आहे. त्या दुपारी ते किनाऱ्याकडच्या खांबाच्या पायथ्याशी दिसले. काँक्रीट आणि लोखंडी नळी यांच्यामध्ये फट पडली होती, झोत आला की त्यात करंगळी जाई आणि ओसरला की फट मिटे. मी धक्का रिकामा करवला आणि जाळे खाली घेतले.

माझा उपाय सोपा होता: निम्मे तुकडे काढून टाकायचे.

“निम्मे म्हणजे कोणाचे?” शिवणकामाची सूत्रे हाती असलेल्या काकींनी विचारले.

याचे उत्तर ना माझ्याकडे होते, ना चित्रकर्तीकडे. वस्तीला सोबत घेऊन करायच्या कामांच्या प्रस्तावांत ‘सहभाग’ हा शब्द आम्ही पानापानावर लिहितो. काढायची वेळ आली तर कोणाला विचारायचे, ते कोठेच लिहिलेले नसते.

काकी खाली बसल्या, एक तुकडा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “चारी बाजूंनी शिवलंय, म्हणून त्याचं शीड झालंय. वरची शिवण ठेव, बाकीच्या सोड. मग फडफडू दे की.” शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, दोर आवळून धरणाऱ्या माझ्या पोलादी ताणपेचांकडे पाहून नापसंतीने मान हलवली. पक्का आवळलेला दोर झोत सोसत नाही, असे सांगून त्यांनी समुद्राकडच्या दोन्ही कोपऱ्यांचे दोर कप्पीवरून घ्यायला लावले आणि टोकाला वाळूची पोती बांधली. झोत आला की पोते वर जाईल, ओसरला की खाली येईल, आणि ताण पोत्याच्या वजनापुढे फारसा जाणार नाही. प्रतिभाराची ही जुनी युक्ती मला पुस्तकातून चांगली ठाऊक होती, पण पोलादी ताणपेच नीटनेटके दिसतात म्हणून मी ते निवडले होते.

रात्री नऊपर्यंत पंधरा-वीस बायका ब्लेडने शिवणी उसवत बसल्या. दुसऱ्या दिवशी खांबाचा पाया नव्याने भरला, तो घट्ट व्हायला आठवडा दिला आणि मग छत पुन्हा चढले. दुपारचा वारा आला, पोती हातभर वर-खाली झाली, खांब हलला नाही.

फक्त सहाशे तुकड्यांच्या फडफडीने धक्क्याजवळच्या घरांत कोणाला झोप येईना. तेव्हा तांडेलांनी चार पोरे नेमली आणि पुढचे बारा दिवस जाळे रोज दिवेलागणीला उतरवले गेले, सकाळी मासळी उतरवून झाल्यावर चढवले गेले. माझ्या आराखड्यात या कामासाठी एक ओळही नव्हती.