तुम्ही विचारलंत म्हणून : धोंडीराम हे कसलं नाव?

बँकेत 36 वर्षं काउंटरवर बसलो. छातीवर नावाची पट्टी. स्लिप भरता भरता लोक ती वाचायचे आणि जरा ओळख झाली की हळूच म्हणायचे, "साहेब, राग मानू नका, पण घरच्यांनी हे असं नाव का ठेवलं?" रिटायर झालो तरी प्रश्न काही पाठ सोडत नाही. परवा सोसायटीतल्या एका मुलानं स्वतःच उत्तर काढलं : "काका, तुम्ही धोंड्याच्या महिन्यात जन्मलात ना?"

नाही बाबा. मी पौषातला. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास, 32-33 महिन्यांनी येणारा. त्यात जावयाला 33 अनारसे मिळतात. मला मात्र "चला, तुमचा महिना आला" एवढंच मिळत आलंय.

माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. एक सव्वा महिन्याचं, दुसरं दात यायच्या आत. 1964 साली मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मागं वळून न बघता घरी आली. आधीच ठरल्याप्रमाणे शेजारच्या काकूंनी मला उचललं. मग आजी त्यांच्या दारात गेली आणि पसाभर जोंधळे देऊन मला विकत घेऊन आली. आई सांगायची, "नाटक आहे हे ठाऊक होतं रे, तरी सूप उंबऱ्याबाहेर गेलं तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता." नाव आजीनंच ठेवलं. धोंडा. राम नंतर चिकटला. "दगडाला कुणाची दिष्ट लागती? दगड कोण न्हेतंय?" हे तिचं म्हणणं.

म्हणजे हे नाव म्हणजे मरणाला मारलेली थाप. हे पोर आमच्या लेखी टाकाऊ आहे, तू कशाला हात लावतोस? दगडू, केरबा, कचरू, भिकाजी ही सगळी त्याच थापेची नावं. नाक टोचून ठेवलेला नथूही त्यातलाच. आणि ही काही आपलीच अक्कल नव्हे. बंगालमध्ये खुदीराम बोस यांच्या आधीचे दोन भाऊ गेले होते, म्हणून थोरल्या बहिणीनं त्यांना तीन मुठी 'खुद' म्हणजे कण्या देऊन विकत घेतलं, अशी त्यांच्या नावाची गोष्ट सांगतात. 1908 साली ते अठराव्या वर्षी फासावर गेले.

नावाला जातपात नव्हती, फक्त शेपूट बदलायचं. रानात धोंडिबा, वाड्यात धोंडोपंत. पेशव्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब हे धोंडोपंतच. केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी. आणि स्त्रीशिक्षणाचे महर्षी, धोंडो केशव कर्वे. 104 वर्षं जगले. दगडाच्या नावाची याहून चांगली जाहिरात मला तरी माहीत नाही.

नावाचा त्रास झाला नाही असं नाही. 1972 च्या दुष्काळात गावात पाऊस मागायला पोरं निघाली. अंगाला लिंबाचा पाला बांधलेल्या पोराला धोंडीच म्हणतात, मग कुणाला बांधायचा यावर चर्चाच झाली नाही. "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार हिंडलो. ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं, तिथं बायांनी माझ्या डोक्यावर तांब्या तांब्या ओतलं. त्या उन्हाळ्यात मनसोक्त आंघोळ झालेला मी एकटाच असेन.

एक गोष्ट मात्र मी खपवून घेत नाही. कुणी म्हणतं, "म्हणजे नकोशीसारखंच की." अजिबात नाही. नकोशी म्हणजे पुन्हा मुलगी झाली, आता पुरे. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली, बरं केलं. माझ्या नावात नकोसेपणाचं सोंग होतं, त्यांच्या नावात सोंग नव्हतं. मला टाकायला निघालेली आजी घरी येऊन देवापुढं बसली होती.

आता धोंडीराम कुणी ठेवत नाही. लोक म्हणतात, जुनाट वाटतं म्हणून. मला ते पटत नाही. 1971 मध्ये देशात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जायची. 2020 मध्ये हा आकडा 28 होता, महाराष्ट्रात 16. लसीची सुई आली, दवाखाना आला, मग थाप मारायची गरजच संपली. माझ्यानंतर आमच्या घराण्यात धोंडा नाही याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

नातवाचं नाव मुलानं मोबाइलमध्ये शोधून ठेवलं. अर्थ विचारला तर त्यालाही परत मोबाइल बघावा लागला. बारशाला आलेली एक बाई बाळाला बघून म्हणाली, "अगंबाई, केवढा गुटगुटीत!" आमची ही, जी लग्नापासून माझ्या नावाला हसत आली, ती पटकन बोलून गेली, "कसला गुटगुटीत, नुसता धोंडा आहे!" आणि माझ्याकडं न बघता आत निघून गेली.